कॅटलॉगमध्ये सापडत नाही म्हणजे पुस्तक नाहीच का?

प्रश्न : सत्यशोधक चळवळीच्या वृत्तपत्रांवर पीएच.डी. करते आहे. विद्यापीठाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये जवळपास काहीच मिळत नाही आणि घरून लेख उघडायला गेलं की पैसे मागतात. काय करू?

उत्तर : आधी शोधण्याची पद्धत बदला. मराठी पुस्तकांच्या नोंदी कुठे देवनागरीत असतात, कुठे रोमन लिपीत. उदाहरणार्थ, सत्यशोधक चळवळीच्या ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचं नाव ऱ्हस्व धु, दीर्घ धू अशा दोन्ही प्रकारे टाका. मग रोमनमध्ये ‘डी’नंतर एकदा ‘आय’, एकदा ‘डबल ई’ घालून पाहा. संगणक अक्षरं जुळवतो, उच्चार नव्हे. एक जरी पुस्तक सापडलं तरी त्याच्या नोंदीतल्या विषयशीर्षकावर क्लिक करा, त्याच विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतील. शिवाय वर्गांक टिपून घेऊन प्रत्यक्ष त्या कपाटापाशी जाच; शेजारची पुस्तकं चाळण्याला पर्याय नाही.

प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेट या संस्थेचं ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळ सर्वांना मोफत खुलं आहे. तिथे बरेच प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. संदर्भसूचीची फाइल सर्वांत आधी उघडा, आधीच्या संशोधकाची कित्येक वर्षांची शोधाशोध तिथे आयती मिळते.

लेखांसाठी पैसे मात्र भरू नका. ग्रंथपालांकडून घरून वापरायचं लॉगिन मागून घ्या. विद्यापीठ सरकारी असेल तर जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेत कोणती नियतकालिकं मिळतात, तेही विचारा.