नवें बिऱ्हाड, जुना ठेवा



गेल्या गणपतींत आमच्या शेजारीं एक प्रसंग घडला. मुंबईस नोकरीला असलेल्या नातवानें राजापुरीं येतांना आजीसाठीं नवा स्मार्टफोन आणिला. तो जुन्याहून निराळ्या जातीचा होता, आणि नातवानें तो मुंबईसच सुरू करून ठेविला होता. आजीनें दोन दिवस त्याच्याशीं झटापट केली. मागें जाण्याची खूण सांपडेना, अक्षरांची पाटी ओळखीची वाटेना. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "बाळा, माझा जुनाच बरा होता रे. ह्यांत तुझ्या आजोबांचा आवाज नाहीं." आजोबा वारले, त्यांचे बोलके संदेश जुन्या फोनांतच राहिले होते.

असें कां व्हावें? आयफोन २००७ सालीं विक्रीस आला व अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ सालीं. दोहोंचें काम सारखें, परंतु अंतर्रचना भिन्न. एकावर विकत घेतलेलें ॲप दुसऱ्यावर चालत नाहीं. व्हॉट्सॲपच्या संभाषणाची राखीव प्रत अँड्रॉइडवरून गूगलच्या भांडारांत जाते, तर आयफोनवरून ॲपलच्या. एकीकडील प्रत दुसरीकडे उघडत नाहीं. २०२२ सालीं अँड्रॉइडवरील संभाषण आयफोनवर नेण्याची सोय झाली खरी, परंतु ती नवा फोन प्रथम सुरू करतांनाच करून घ्यावयाची, अशी ठेवण्यांत आली. घाईनें फोन सुरू करणाराची संधि तेथेंच हुकते.

उलटपक्षीं, कांहीं वस्तु सहज पार जातात. पूर्वीं कंपनी बदलली कीं फोनचा क्रमांकही बदले; २० जानेवारी २०११ पासून सर्व भारतांत क्रमांक तोच ठेवतां येऊं लागला, कारण सर्व कंपन्यांस एकच नियम लागू झाला. मराठी अक्षरांचेंही तसेंच. पूर्वीं एका संगणकावरील मराठी मजकूर, तोच टंक नसल्यास, दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोडनें १९९१ सालीं देवनागरीच्या वर्णांस ठराविक क्रमांक दिले. त्या पद्धतीनें लिहिलेला मजकूर आज दोन्ही जातींच्या फोनांवर वाचतां येतो.

यावरून बोध हा कीं, जें सर्वांस मान्य अशा रूपांत आहे तें आपलें. जें एकाच कारखानदाराच्या रूपांत आहे तें भाड्याच्या घरांतील कोनाड्यासारखें. बिऱ्हाड हलवितांना कोनाडा बरोबर नेतां येत नाहीं.

म्हणून फोन बदलण्यापूर्वीं नांवें व क्रमांक व्ही-कार्डाच्या रूपांत काढून घ्यावे. छायाचित्रें व आवाज संगणकावर उतरवून ठेवावे. पैसे देण्याच्या ॲपची नोंदणी त्याच सिमवरून पुन्हां करावी लागते, हें ध्यानांत ठेवावें. आणि सर्व कांहीं नीट आलें अशी खात्री होईपर्यंत जुना फोन पुसूं नये.

सुदैवानें नातवानें तो पुसला नव्हता. आजोबांचा आवाज त्यानें संगणकावर उतरविला आणि मग आजीच्या नव्या फोनांत घातला.

कोंकणांतील कित्येक घरीं पेटींत मोडी कागद आहेत. कागद शाबूत आहेत, परंतु वाचणारा उरला नाहीं. आपल्या पिढीच्या ठेव्याची तशी गत होऊं नये, एवढी काळजी मुलांनीं व पालकांनीं अवश्य घ्यावी.