लॅब्राडॉर आणतेस, तर आधी खुबा बघ

पोरी, लॅब आणायचंच ठरलंय ना, मग पिल्लू मांडीवर घेण्याआधी त्याच्या आईबापाच्या खुब्यांचे एक्स-रे माग. ब्रीडर केनेल क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे केसीआयचे, पेपर पुढे करेल, चॅम्पियन ब्लडलाइन सांगेल. पेपरावरून घराणं कळतं, खुबा कळत नाही.

या जातीत हिप डिस्प्लेसिया आनुवंशिक आहे. खुब्याचा उखळीचा सांधा ढिला राहतो, मांडीच्या हाडाचा गोळा उखळीत नीट बसत नाही, वाढत्या वयात घासतो आणि पुढे संधिवात जडतो. हा दोष एका जनुकाचा नसून अनेक जनुकांचा असतो, म्हणून आईबाप दुडुदुडु धावताना दिसले एवढ्यावर भागत नाही. एक्स-रे गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून काढलेला हवा. अमेरिकेतली ओएफए ही संस्था कुत्रं २ वर्षांचं झाल्याशिवाय पक्का दाखला देत नाही. ब्रिटनमध्ये कुत्रं वर्षाचं झाल्यावर प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देतात; जितके कमी, तितकं चांगलं. ब्रीडरकडे असलं काही नसेल तर एक्स-रेचा खर्च आपण देऊ म्हणून सांग. तरीही नकार आला, तर त्या घरचं पिल्लू घेऊ नकोस, कितीही गोड असलं तरी.

पिल्लू घरी आलं की निम्मं काम तुझ्या हातात. आनुवंशिकता बदलता येत नाही, वजन येतं. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांवर जन्मभर चाललेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातली भावंडं जोडीने घेतली आणि जोडीतल्या एकाला चौथा हिस्सा कमी खायला दिलं. ती सडपातळ कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगली, आणि त्यांच्या खुब्यांना संधिवातही उशिरा आला. आपल्याकडे गुबगुबीत पिल्लाचं कौतुक होतं, तिथेच घात होतो. बरगड्यांवरून हात फिरव: बोटांना सहज लागल्या पाहिजेत, वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. खाणं मापाने घाल, आणि आजी चोरून तुपाची पोळी देते, मुलं बिस्किटं देतात, तेही त्याच मापात धर. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खास खाणं चालू असेल तर वरून कॅल्शियमचं टॉनिक अजिबात नको. जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते.

फ्लॅटमधली गुळगुळीत टाइल पिल्लाच्या पायाखालून सरकते. जिथे ते खेळतं तिथे सतरंजी किंवा रबरी मॅट अंथर, नखं आणि तळव्यांतले केस कापत जा. तीन महिन्यांच्या आत जिने चढू-उतरू देऊ नकोस, उचलून ने. नॉर्वेतल्या अभ्यासात जिन्यांनी धोका वाढलेला दिसला, आणि मऊ जमिनीवर मोकळं बागडण्याने कमी झालेला. म्हणून मैदानात सोड, पण गाडीमागे पळवू नकोस, चेंडूसाठी उंच उड्या नकोत. मोठं झाल्यावर पोहणं उत्तम. नसबंदी सहा महिन्यांच्या आत उरकू नकोस; लॅबमध्ये त्याने सांध्यांचे आजार वाढतात. नेमकं वय डॉक्टरांशी बोलून ठरव.

पिल्लू धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतं का, उठताना अडतं का, याकडे लक्ष ठेव. चौथ्या महिन्यातच डॉक्टरांकडून खुबे तपासून घे, कारण लवकर कळलं तर उपायांना वाव असतो. आणि खुबा सदोष निघाला तर त्याला जीव लावून सांभाळ. पण त्याची पिल्लं काढू नकोस, कुणी कितीही गळ घातली तरी.