नवशिक्यासाठी पाग : निवड व वापर

मुंबईच्या किनाऱ्यावर मासेमारी शिकू इच्छिणारे तरुण पुष्कळदा प्रथम भाल्याची चौकशी करतात. भाल्याने मासा मारावयाचा तर तो आधी दिसला पाहिजे. गिरगाव, दादर व माहीम येथील पाणी गाळामुळे बहुधा गढूळ असते. शिवाय स्वच्छ पाण्यातही वरून पाहणाऱ्यास मासा असतो त्याहून वर भासतो, म्हणून नेम त्याच्या खाली धरावा लागतो. चर्नी रोड येथे १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेमागील मासे पाहून ज्यांनी समुद्राची कल्पना केली, त्यांची येथे निराशाच व्हावयाची. या किनाऱ्यास साजेसे व एकट्याने वापरता येण्याजोगे साधन म्हणजे पाग, म्हणजेच हाताने फेकावयाचे गोल जाळे.

पहिला पाग लहान घ्यावा. शेंड्यापासून काठापर्यंत ५ ते ६ फूट लांबी पुरेशी आहे. मोठे जाळे भिजल्यावर जड होते आणि नवशिक्याच्या हातून न उघडता गोळा होऊन पडते. काठावरील शिसे सारख्या अंतरावर आहे की नाही हे बोटांनी चाचपून पाहावे. एका बाजूस विरळ असल्यास तेथून मासे निसटतात. आस फार बारीक असेल तर जाळे सावकाश बुडते व पिल्लेही सापडतात. ज्या पागाचा काठ आत दुमडून खिसे केलेले असतात, तो प्रारंभी सोयीचा.

दोरीविषयी मात्र कोणतीही हयगय नको. शेंड्याची दोरी मनगटात अडकवावी लागते. तिचा फास एका हिसक्यासरशी सुटणारा हवा. वरळीसारख्या खडकाळ जागी जाळे अडकले व भरती चढू लागली, तर गाठ मारलेली दोरी माणसाला तेथेच बांधून ठेवते. जाळे गेले तरी चालेल, ही गोष्ट ग्रामसेवकांनी शिकणाऱ्यांच्या मनावर पक्की बिंबवावी. जाळे फेकताना काठ दातात धरण्याची रीत आहे. शिसे विषारी असल्याने ती उचलू नये.

सराव आधी मऊ वाळूवर करावा. जाळे वर्तुळाकार पडू लागल्यावरच गुडघाभर पाण्यात, सोबत्यासह उतरावे. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब मुंबईस बराचसा लागू पडतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास येतो. चतुर्थीस सुमारे ३, अष्टमीस सुमारे ६. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ जबर असते. नवशिक्याने भांगाचे दिवस निवडावेत. पावसाळ्यात उतरूच नये. पाय उचलून टाकण्यापेक्षा तळाशी घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट आधीच दूर सरते. शेंगाळा सापडल्यास त्याच्या काट्यांमुळे उघड्या हाताने धरू नये. बोय मात्र निर्धास्त काढावी. माहीमच्या खाडीत मिठी नदीचे दूषित पाणी येते, म्हणून तेथील मासळी घरी नेऊ नये.

पूर्वीचे सुती जाळे सालीच्या काढ्यात बुडवून टिकवावे लागे. नायलॉनला ते नको, पण उन्हाने तो ठिसूळ होतो. म्हणून गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. फाटलेले तुकडे पाण्यात टाकल्यास त्यांत मासे अडकून मरत राहतात, यास्तव ते किनाऱ्यावर परत आणावेत.