गाजर गवत, खाज आणि श्रावणातलं ऊन

मूर्तिजापूरकडचं आमचं वावर कोरडवाहू. सोयाबीनबरोबर धुऱ्यावरचं गाजर गवतही कमरेएवढं होतं. ते उपटायचं काम माझ्याकडेच, आणि कैक वर्षं कधी काही झालं नाही. मग एका पावसाळ्यात पापण्या सुजल्या, मानेला खाज सुटली. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबनं लगेच आराम पडायचा. ट्यूब संपली की खाज दुप्पट. दिवाळीपर्यंत कपाळ, कान आणि मान काळीठिक्कर, जाड झाली. सदऱ्याच्या कॉलरखाली मात्र कातडी जशीच्या तशी. आखून दिल्यासारखी रेघ.

"उन्हातान्हात राबणारं माणूस, रापन नाही तं काय होईन?" शेजारचे काका म्हणाले.

पण रापलेली कातडी खाजत नाही. अकोल्यात त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर चाचणीच्या पट्ट्या चिकटवल्या. ४८ तासांनी काढल्या, तर गाजर गवताच्या पट्टीखाली लाल चट्टा. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत आज देशभर आहे. त्यातल्या पार्थेनिनची ॲलर्जी वर्षानुवर्षं हाताळल्यावरही जडू शकते, आणि जडली की सहसा सुटत नाही. हात लावायचीही गरज नाही. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यानं येऊन पापण्यांवर बसते.

मग यात उन्हाचा काय संबंध? दाह झालेल्या जागी जमणाऱ्या पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं सोडतात. बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंगपेशी त्यांच्यामुळे जादा मेलॅनिन करू लागतात. अतिनील किरणांनी वरच्या पेशींचा डीएनए दुखावला की त्या पेशीही रंगपेशींना हाच निरोप धाडतात. म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडून तगादा. त्यात दाहानं तळाचा थर विस्कटला तर मेलॅनिन खालच्या त्वचेत झिरपतं. वरचा तपकिरी डाग काही महिन्यांत उतरतो, खाली गेलेला करडा डाग वर्षानुवर्षं राहतो. काहींची कातडी तर पुढे नुसत्या उन्हानंही बिथरते.

मे महिन्यात आम्ही दहालाच घरात असतो. श्रावणात आभाळ भरलेलं म्हणून दिवसभर वावरात. अतिनील-ए किरणं ढगांतूनही येतात, आणि गवत नेमकं तेव्हाच फुलतं. म्हणून ॲलर्जी असलेल्यानं उपटणी दुसऱ्याकडून करून घ्यावी, फुलोऱ्याच्या आधी. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी. गळ्यातला दुपट्टा रोज धुवायचा. गवताची धूळ बसलेल्या त्याच दुपट्ट्यानं आपण तोंड पुसतो. एसपीएफ ३०चं झिंक ऑक्साइडवालं मलम लावावं, पण चिघळलेल्या जागेवर नाही.

अमरावतीच्या मामेबहिणीनं डागांवर लिंबू चोळायला सांगितलं होतं. ते अजिबात करू नका: लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात गेली की भाजते आणि आणखी काळी पडते. चिठ्ठीशिवाय मिळालेली ट्यूबही नको. तीत बहुधा स्टिरॉइड असतं. मनानं लावत राहिलं तर कातडी पातळ होते.

बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा कशासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. या गोळ्यांनी ऊन जास्त बाधतं. गोळी मात्र परस्पर बंद करू नका.