शाळेच्या झाडावरील बुरशी : एक निरीक्षणपाठ

शाळाभेटीच्या वेळी एका आवारातील जुन्या झाडाच्या बुंध्यावर तपकिरी फळ्या आलेल्या दिसल्या. मुलांनी त्यांवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "कुत्र्याची छत्री आहे, पावसाळा सरला की जाईल." ती जाणारी नव्हती. म्हणून हा पाठ.

उकिरड्यावरील छत्री मऊ असते व लवकर कुजते. खोडावर आडवी उगवणारी ही बुरशी चिवट किंवा लाकडासारखी कठीण असून तिच्या काही जाती वर्षानुवर्षे टिकतात. आपणांस दिसते ते तिचे केवळ फळ होय. तिचे खरे शरीर लाकडात पसरलेल्या बारीक तंतूंचे असते. हे तंतू लाकूड कुजवितात. म्हणून फळी खरवडून टाकल्याने झाड बरे होत नाही.

परदेशी पुस्तकांत ही बुरशी ओक वृक्षावर दाखवितात. आपल्या सातारा-सांगलीच्या रानांत ओक नाही, आणि पाचगणीचा सिल्व्हर ओक हा मूळचा ऑस्ट्रेलियातील, निराळ्या कुळातील वृक्ष आहे. आपणांस आंबा, फणस व बाभूळ पुरेत.

ओळखताना झाड कोणते, बुरशी मुळाशी की उंचावर, लाकूड जिवंत की मेलेले, आणि खालच्या बाजूस छिद्रे की पट्ट्या, हे क्रमाने पाहावे.

१. गॅनोडर्मा : बहुधा बुंध्याशी. काही जातींवर लाखेसारखी चकाकी. खालील पांढरट भागावर ओरखडा काढल्यास तपकिरी रेघ उमटते.
२. फेलिनस : कठीण, काळसर, पुष्कळदा भेगाळलेली. फणसावरील अशी बुरशी लोकवैद्यकात 'फणसांबा' म्हणून परिचित आहे.
३. पिक्नोपोरस : पातळ, शेंदरी. मेलेल्या लाकडावर.
४. शिझोफायलम : लहान, पांढरट, लवदार पंखा. खाली दुभंगलेल्या पट्ट्या.

मुलांनी चित्र काढावे, पट्टीने रुंदी मोजावी व तारखेसह वहीत नोंद करावी. चव कोणीही घेऊ नये.

पडलेल्या ओंडक्यावरील बुरशी उपकारक आहे. ती लाकडाची माती करते. परंतु उभ्या झाडाच्या बुंध्याशी ती दिसल्यास त्याखाली वर्ग भरवू नये. मुख्याध्यापकांनी ग्रामपंचायतीस व वनविभागास लेखी कळवावे. हिरवी पाने पाहून निर्धास्त राहू नये, कारण आतून पोखरलेले झाडही पालवते. त्याचबरोबर घाईने कुऱ्हाडही लावू नये. पुष्कळदा धोक्याची फांदी उतरविणे पुरेसे होते. तो निर्णय जाणकाराचा, वेळीच पाहून कळविणे हे आपले काम.