चंडीगडची खुर्ची ओळखताना

१. खुर्ची ओळखायची तर आधी ती उलटी करावी लागते, हे मला चंडीगडात कळलं. सागवानी चौकट, वेताची वीण, कंपासासारखे फाकलेले पाय हे कुणालाही दिसतं, नक्कल करणाऱ्यालाही. माझी नजर आता पाठीमागच्या पट्टीवर जाते. तिथं बहुधा खात्याची आद्याक्षरं आणि एक आकडा रंगवलेला असतो. या खुर्च्यांची आखणी करणारे वास्तुकार पिएर जानरे यांची सही नसते. कुणा कारकुनाने डेडस्टॉक रजिस्टरसाठी घातलेली ती खूण असते. खुर्ची हायकोर्टातली की विद्यापीठातली, याचा माग तिच्यावरूनच लागतो. पॉलिशच्या हौसेपायी कुणी ती घासून टाकली की मला फार वाईट वाटतं.

२. दोन अस्सल खुर्च्या तंतोतंत सारख्या नसतात. नवी राजधानी उभी राहत होती, हजारो खुर्च्या हव्या होत्या, पैसा बेताचा होता. काम वेगवेगळ्या स्थानिक सुतारांकडे गेलं. त्यामुळे कुठं हात जाड, कुठं पायांचा कोन निराळा. वेत तर मधल्या काळात पुन्हा विणलेला असू शकतो, त्यावरून फारसं ठरत नाही. एका साच्यातून निघाल्यासारखा संच समोर आला की मी सावध होते.

३. सगळ्यात जास्त सलतो तो भंगाराचा प्रवास. मोडकी खुर्ची आधी गच्चीवर, मग सरकारी लिलावात, आणि दुरुस्त होऊन परदेशात लाखोंच्या बोलीला. बऱ्याचदा हे सगळं रीतसर झालं. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या फर्निचरची विक्री आणि निर्यात थांबवण्याचा आदेश दिला. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याचं संरक्षण मिळायला अशी वस्तू शंभर वर्षं जुनी लागते. चंडीगडचं सरकारी संकुल, कॅपिटॉल कॉम्प्लेक्स, २०१६ पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या खुर्चीची शंभरी मात्र अजून दूर आहे. बाहेर गेलेली खुर्ची परत मागायला आधार तोकडा पडतो तो इथं.

४. खुर्ची एकट्याची नव्हती. जानरे १९५१ ते १९६५ चंडीगडात राहिले, पण या फर्निचरच्या आखणीत यूली चौधरी या वास्तुकार त्यांच्या सोबत होत्या. जगभर नाव चालतं ते जानरेंचं. रंधा मारणाऱ्यांची नावं तर त्याहून दुर्मीळ. म्हणून त्या काळच्या एखाद्या सुताराच्या घरचं कुणी भेटलं की मी किमतीचं बोलतच नाही. लाकूड कुठून यायचं, वेत कोण विणायचं, एवढंच विचारत बसते.