बिलिंग सॉफ्टवेअर: कॉम्प्युटरमधलं घ्यावं की ब्राउझरवरचं?

कामठीत तुमचं दुकान असेल आणि जीएसटीची बिलं सॉफ्टवेअरवर काढायची असतील, तर आधी बघा, बिल बनतं कुठे. एकाच काउंटरवर बनत असेल, तर कॉम्प्युटरमध्ये टाकलेलं सॉफ्टवेअर पुरतं. इतवारीच्या बाजारात माल घेताना मोबाइलवर स्टॉक बघायचा असेल किंवा रात्री घरून हिशेब करायचा असेल, तर ब्राउझरवरचं घ्या.

दोन्हींकडचं एकेक उदाहरण घेऊ. कॉम्प्युटरमधलं टॅलीप्राइम सिल्व्हर २२,५०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून २६,५५०. पहिल्या वर्षाचे अपडेट त्यातच. पुढे दरवर्षी ५,३१०. नूतनीकरण केलं नाही तरी सॉफ्टवेअर चालतं, अपडेट मात्र थांबतात. ब्राउझरवरच्या झोहो बुक्सचा स्टँडर्ड प्लॅन महिना ७४९, पण वर्षाचे पैसे एकदम भरले तरच, वर जीएसटी: वर्षाला सुमारे १०,६००. चार वर्षांत दोन्हींचा खर्च सारखाच, जवळपास ४२,४००. त्यापुढे टॅली स्वस्त. उलाढाल २५ लाखांच्या आत असेल, तर झोहोचा मोफत प्लॅन आधी वापरा. दर बदलतात, पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर ताळा करा.

खरा फटका बसतो तो न सांगितलेल्या खर्चाचा. इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग, जुन्या स्टॉकची एंट्री, जादा युजर, वार्षिक देखभाल: प्रत्येकाची रक्कम कोटेशनवर लिहून घ्या. सिल्व्हर एकाच कॉम्प्युटरवर चालतं. दुसरा काउंटर जोडायचा तर टॅलीचंच गोल्ड, ६७,५०० अधिक जीएसटी. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही.

विक्रेता ‘मी करून देतो’ म्हणत स्वतःच्या ईमेलवर खातं उघडत असेल, तर थांबवा. ईमेल, मोबाइल, पासवर्ड तुमचेच हवेत. नाहीतर उद्या तुमचाच हिशेब मागायला त्याच्या दारात उभं राहावं लागेल. सीएला वेगळा लॉगिन द्या. क्रॅक केलेली कॉपी फुकट मिळाली तरी नको.

लाइन गेली की ब्राउझरवाल्यांचं राउटरही बंद पडतं. तेही इन्व्हर्टरवर घ्या. कॉम्प्युटरवाल्यांनी रोज बॅकअप काढावा आणि तो घरी न्यावा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून ब्राउझरवरच्या सॉफ्टवेअरची वर्गणी बंद करण्याआधी सगळा डेटा उतरवून घ्या.

सॉफ्टवेअर घेताना सोबत जीएसटी नंबर, पॅन, ईमेल आणि मोबाइल ठेवा. टॅली ७ दिवस, झोहो १४ दिवस फुकट वापरून बघता येतं. ही चाचणी मार्चमध्ये तुमच्याच प्रिंटरवर करा, म्हणजे १ एप्रिलपासून नव्या वह्या नव्या सॉफ्टवेअरवर सुरू होतील.